बायबलच्या जुन्या करारातली ही दोन पुस्तकं: आधी एज्रा वाचायचं की नहेम्या?
यहुदी बाबेलच्या बंदिवासातून यरुशलेमला परतले ती हकिगत अभ्यासायची, तर क्रमाने एज्रा आधी येतो. इ.स.पू. ५३८ चं पारसच्या कोरेश राजाचं त्यांना परत जाऊ देणारं फर्मान, ५१५ मध्ये पुरं झालेलं यरुशलेमचं मंदिर, सगळं त्यातच. पण चौथ्या अध्यायात काळ मागेपुढे होतो आणि नवखा वाचक तिथेच अडखळतो.

नहेम्या ४४५ मध्ये येतो, तरी मी तोच आधी वाचायला सांगेन. तो स्वतःच्या तोंडाने बोलतो. रात्री गुपचूप यरुशलेमच्या पडक्या कोटाची पाहणी, ५२ दिवसांत पुरं केलेलं त्याच्या डागडुजीचं काम. आणि पाचव्या अध्यायातलं गाऱ्हाणं तर काळजाला भिडतं: शेतं गहाण, पोरी दासी झालेल्या, आणि सावकार आपलेच भाऊबंद!

मात्र मंदिराच्या पायाभरणीला म्हातारे रडतात, बाकीचे जल्लोष करतात आणि दोन्ही आवाज एकमेकांत मिसळतात, तो प्रसंग एज्रातच मिळेल.