बागेच्या राखणीला ठासणीची बंदूक की एअरगन?
सिंधुदुर्गातील काही जुन्या बागायतदार घरांत शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरील ठासणीची बंदूक आजही आहे. नव्या पिढीचा ओढा मात्र एअरगनकडे दिसतो.

ठासणीच्या बंदुकीचे खरे बळ तिच्या आवाजात आहे. छर्रे न भरता नुसत्या दारूचा बार काढला तरी कोवळी शहाळी तोडून खाली टाकणारा माकडांचा कळप माड सोडून पळतो. मात्र पावसाळ्यात दारू सर्दावते, आणि एका बारानंतर नळीत पुन्हा दारू ओतून ती गजाने ठासेपर्यंत तीच माकडे शेजाऱ्याच्या फणसावर जाऊन बसलेली असतात. शिवाय 1959 च्या शस्त्र अधिनियमाखालील परवाना, त्याचे नूतनीकरण आणि निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात बंदूक जमा करण्याची धावपळ, तीही कधी कधी ऐन आंब्याच्या हंगामात, हे सारे सांभाळावे लागते.

20 ज्यूलपर्यंतच्या ऊर्जेच्या, 0.177 इंची नळीच्या साध्या एअरगनला परवाना लागत नाही. ती हलकी आहे, पण तिच्या फटक्याला माकडे फारशी बधत नाहीत. रानडुकरावर तर ती चालवूच नये, कारण जनावर मरत नाही, नुसते जखमी होऊन बिथरते. परवाना नको म्हणून ती पोरांच्या हाती जाते, हा मला तिचा मोठा दोष वाटतो. तिच्या छर्र्याने डोळा जाऊ शकतो.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित प्राण्याला वन विभागाच्या परवानगीविना मारणे दोन्हींनी सारखाच गुन्हा आहे. म्हणून राखणीपुरते मी ठासणीचीच निवडेन, तीही छर्रे न भरता.