‘सनशाइन’ घ्यावी की ‘फ्लेजलिंग’?

रॉबिन मॅकिन्लीची ‘सनशाइन’ (२००३) ही इंग्रजी कादंबरी वाचलेली माणसं एकत्र बसली की वाद ठरलेला. एक म्हणणार, व्हॅम्पायरवर, म्हणजे रक्त पिणाऱ्या पिशाच्चावर, इतकं वेगळं कोणी लिहिलंच नाही. दुसरा म्हणणार, चारशे पानांत पीठ मळण्याचं वर्णन जास्त आणि रक्त कमी. हा वाद ऐकून पुस्तक घ्यावं की नाही ते ठरत नाही. ते ठरवायला ऑक्टेव्हिया बटलरची ‘फ्लेजलिंग’ (२००५) शेजारी ठेवून बघावी लागते. दोन्ही प्रथमपुरुषी, दोन्हींना पुढचा भाग नाही, आणि दोघींनीही ड्रॅक्युलाचा झगा खुंटीला टांगून ठेवलाय. तरी एक आवडणाऱ्याला दुसरी आवडेलच असं नाही.

आधी ‘सनशाइन’, कारण भांडण तिच्यावरूनच आहे.

रे सेडन, टोपणनाव सनशाइन, सावत्र वडिलांच्या कॉफीहाउसची भट्टी सांभाळते. पहाटे चारला उठून डोक्याएवढे दालचिनी रोल भाजायचे, हे तिचं काम. (दालचिनी आपल्याकडे नारळी-पोफळीच्या सावलीत होते, दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘कोकण तेज’ नावाची जातही काढली आहे. पण आपण तिला मसाल्याच्या डब्याबाहेर फारसं येऊ दिलं नाही.) एका रात्री रे एकटीच तळ्यावर जाते. व्हॅम्पायरांची टोळी तिला उचलते आणि ओसाड हवेलीच्या नाचघरात बेडी घालून ठेवते. त्याच दालनात दुसरा कैदी आहे, कॉन्स्टंटाइन. तोही व्हॅम्पायर, मुद्दाम उपाशी ठेवलेला. ती म्हणजे त्याच्यापुढे वाढलेलं ताट, आणि तो ताटाला हात लावत नाही. रेच्या अंगात उन्हाची विद्या आहे, लहानपणी आजीने शिकवलेली आणि पुढे विसरलेली. खिशातल्या चाकूची ती किल्ली बनवते आणि कॉनला धरून भर दिवसा बाहेर काढते. तिचा हात लागलेला असेपर्यंत ऊन त्याला जाळत नाही.

एवढं सगळं पहिल्या भागात होतं. त्यानंतर ती घरी येते आणि पुन्हा रोल भाजू लागते. वाचकांचे दोन तट इथे पडतात.

कंटाळलेल्यांची तक्रार ढोबळ नाही, नेमकी आहे. कोणी एक प्रश्न विचारतो, आणि रेचं उत्तर येण्याआधी मध्ये दीड-दोन पानं जातात. त्यात जुन्या युद्धांचा इतिहास, घरमालकीण, गिऱ्हाइकं, भट्टीचं तापमान. उत्तर येतं तेव्हा प्रश्न विसरलेला असतो. पुस्तकाचे भाग चारच, आत प्रकरणं नाहीत, त्यामुळे थांबायला जागाही मिळत नाही. बाजू घेणारे म्हणतात की मरता मरता वाचलेली बाई असंच बोलणार. सांगायचं ते सांगवत नाही म्हणून ती आजूबाजूचं सांगत बसते. टोळीने छातीवर केलेली जखम भरत नाही, आणि पीठ तेवढं रोज हाताखाली फुगतं.

आमच्या मते दुसरी बाजू पुस्तकाच्या पूर्वार्धापुरती पूर्ण खरी आहे. तिसऱ्या भागात मात्र तीच सवय लेखिकेची वाटू लागते, रेची नाही. शेवटची लढाईसुद्धा इतकी धूसर लिहिली आहे की कोण कुठे उभं आहे याचा पत्ता लागत नाही. रेच्या वडिलांचं काय झालं, तिचा मित्र मेल नक्की कोण, हे प्रश्न उघडेच राहतात. पुढचा भाग येईल म्हणून ज्यांनी ते सोसलं, त्यांचा राग समजण्यासारखा आहे.

कॉनबद्दलच्या मतभेदाचं कारण वेगळं. तो देखणा नाही. त्याचा रंग जुनाट अळंब्यासारखा, हसला तर ऐकवत नाही, जवळ असला की अंगावर काटा येतो. प्रेमकथा शोधत आलेला वाचक इथे हिरमुसतो. कोकणातल्या वाचकाला मात्र हा प्राणी ओळखीचा वाटायला हरकत नाही. आरवलीच्या वेतोबाला, म्हणजे तिथल्या ग्रामदैवताला, चामड्याच्या दांडग्या चपला वाहतात, कारण तो रात्री गावाची राखण करत फिरतो आणि त्या झिजतात अशी श्रद्धा आहे. देवचाराची, म्हणजे जागेची राखण करणाऱ्या भुताची, वर्षाची राखण (त्याला द्यायचा मान) चुकवायची नाही, चुकली तर भोगा. भीतीही आहे आणि नातंही आहे, पण त्या नात्याला कोणी प्रेम म्हणत नाही. ते देणंघेणं आहे. कॉन आणि रे यांच्यात हेच आहे. त्याने तिला खाल्लं नाही, तिने त्याला उन्हातून नेलं, आता दोघं एकमेकांना बांधील. पुस्तक या अंगाने वाचलं की मधल्या भागातल्या त्यांच्या अवघडलेल्या भेटी रखडलेल्या वाटत नाहीत.

‘फ्लेजलिंग’मध्ये बडबड जवळजवळ नाहीच. शोरी एका गुहेत भाजलेल्या, आंधळ्या झालेल्या अवस्थेत शुद्धीवर येते. तिला स्वतःचं नावही आठवत नाही. ती इना जमातीची आहे. इना म्हणजे मेलेली माणसं नव्हेत, तर माणसांशेजारी हजारो वर्षं राहिलेली वेगळी प्रजाती. ते माणसाचं रक्त पितात, पण मारत नाहीत. एकेका इनाला सात-आठ माणसं लागतात, आणि त्यांच्या लाळेची त्या माणसांना लत लागते. बदल्यात माणसाला निरोगी आणि खूप लांब आयुष्य मिळतं. आंब्यावरचं बांडगूळ रस पितं ते पितंच, फांदीही वाळवतं. इथे फांदी उलट जोमाने वाढते, फक्त मनात आलं म्हणून तिला बांडगूळ काढून टाकता येत नाही. सगळी कादंबरी या एका गाठीवर उभी आहे. लत लागल्यावर दिलेली संमती ही संमती का?

आता अडचण स्पष्ट सांगायला हवी. शोरी त्रेपन्न वर्षांची आहे, पण दिसते दहा-अकरा वर्षांच्या मुलीसारखी. तिला रस्त्यावरून गाडीत घेणारा राइट तेवीस वर्षांचा आहे, आणि त्यांचे शरीरसंबंध येतात, तेही सुरुवातीलाच. बटलरने हे नकळत केलेलं नाही, वाचकाला अस्वस्थ करायलाच केलंय. पण हेतू कळला म्हणून वाचवतंच असं नाही. या जागी पुस्तक मिटणारे पुष्कळ आहेत आणि त्यांना कोणी कच्चे वाचक म्हणू नये.

पुढे नेटाने गेलात तर फळ मोठं आहे. शोरीची त्वचा काळी आहे, कारण तिच्यात माणसाची जनुकं मिसळली आहेत, आणि म्हणूनच ती दिवसा जागी राहू शकते. तिच्या कुटुंबाला जाळणाऱ्यांना नेमका हाच संकर खुपतो. उत्तरार्ध म्हणजे इनांची न्यायसभा, साक्षी, उलटतपासण्या. ज्यांना कोर्टकचेरी आवडते (आणि आपल्याकडे जमिनीच्या दाव्यांत मुरलेला वाचक कमी नाही) त्यांना हा भाग पुस्तकातला सगळ्यात चांगला वाटेल. ज्यांना पळापळ हवी त्यांना तो सपक वाटतो. बटलर २००६ साली गेली, त्यामुळे शोरीची गोष्ट इथेच थांबते.

इंग्रजीचा प्रश्न बऱ्याच जणांच्या मनात असतो, म्हणून तोही घेऊ. ‘फ्लेजलिंग’ची वाक्यं छोटी, शब्द साधे, संवाद भरपूर. इंग्रजी कादंबरीची सवय नसलेल्यालाही जमेल. ‘सनशाइन’ त्या मानाने अवघड. वाक्य कंसात शिरतं, कंसातून दुसरीकडे निघतं. शिवाय त्या जगाची स्वतःची बोली आहे. ‘कॉमबॉक्स’ म्हणजे संगणक, ‘ग्लोबनेट’ म्हणजे इंटरनेट, ‘सकर’ म्हणजे व्हॅम्पायर, ‘एसओएफ’ म्हणजे व्हॅम्पायर आणि तत्सम मंडळींवर नजर ठेवणारं खास दल, आणि ‘कार्थेजिनियन’ ही चक्क शिवी. हे शब्द कोशात शोधत बसलात तर पहिल्या पन्नास पानांतच दमाल. न कळलेलं तसंच सोडून पुढे जायचं, शंभराव्या पानापर्यंत बहुतेक उलगडतं.

घेण्याआधी चाळून बघायची पद्धत दोन्हींना वेगवेगळी. ‘सनशाइन’ची फोनवर मिळणारी मोफत सुरुवात फसवी आहे. नाचघराचा प्रसंग पुस्तकातला सर्वांत पकड घेणारा आहे, आणि सुरुवात वाचणाऱ्याला पुढेही असंच चालेल असं वाटतं. कोणाकडे छापील प्रत असेल तर ती दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला उघडा आणि दहा पानं वाचा. कॉफीहाउसमध्ये मन रमलं तर पुस्तक तुमचं. घड्याळाकडे लक्ष गेलं तर पैसे वाचले. ‘फ्लेजलिंग’ची सुरुवात उलट प्रामाणिक आहे. जे खटकणार ते पहिल्या दोन-तीन प्रकरणांतच येतं.

एक चूक घरोघरी होते. मॅकिन्लीला १९८५ साली न्यूबेरी पदक मिळालं ते मुलांच्या पुस्तकासाठी, म्हणून तिचं नाव बघून ‘सनशाइन’ तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला आणून दिली जाते. ही मोठ्यांची कादंबरी आहे. तिला कल्पनारम्य साहित्यासाठीचा २००४ चा मिथोपोइक पुरस्कार मिळाला तोही प्रौढ वाङ्मयाच्या विभागात. मध्ये एक उघड शृंगाराचा प्रसंग आहे, आणि तो काही पूर्वसूचना न देता येतो. ‘फ्लेजलिंग’ तर शाळकरी मुलांच्या हाती देऊच नये.

पावसाळ्यात वाचायचं म्हणत असाल तर ‘फ्लेजलिंग’ सोयीची. प्रकरणं आटोपशीर आहेत, वीज गेली तर प्रकरण संपवून थांबता येतं. ‘सनशाइन’ला सलग दोन-तीन तास लागतात, नाहीतर धागा सुटतो आणि मागची चार पानं पुन्हा वाचावी लागतात. जाड पेपरबॅक जुलैच्या दमट हवेत भिंतीला टेकवून ठेवू नका. कण्याचा गोंद सैल पडतो, पानं सुटतात, बुरशी धरते. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा बरा.

दोन्हींचं वर्णन ऐकून हात मागे येत असेल, आणि हवी आहे ती फक्त भीती, तर दोन्ही सोडा. स्वीडनच्या योन आयविदे लिंडक्विस्टची ‘लेट द राइट वन इन’ आहे. स्टॉकहोमजवळचं ब्लॅकेबर्ग हे उपनगर, साल १९८१, शाळेत छळला जाणारा बारा वर्षांचा मुलगा आणि शेजारी राहायला आलेली एली. बोलावल्याशिवाय घरात यायचं नाही हा व्हॅम्पायरांचा जुना नियम तिथे मोडून दाखवला आहे, आणि मोडल्यावर शरीराचं काय होतं तेही. मराठीतच हवं असेल तर नारायण धारपांची ‘लुचाई’. ती स्टीफन किंगच्या ‘सेलम्स लॉट’वर (१९७५) बेतलेली आहे. तिथले व्हॅम्पायर जुन्या वळणाचेच आहेत, पण त्यांच्याशी वाद घालत बसावं लागत नाही.