लिनक्स मिंट, सहा महिने: स्टार दोनवरून चार केले, पाचवा स्कॅनरमुळे अडलाय

विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि माझा प्रोसेसर विंडोज 11 च्या यादीत बसत नाही. धडधाकट लॅपटॉप एवढ्यासाठी टाकून द्यायचा हे काही मला पटेना, म्हणून विंडोजच्या जागी मिंट 22 टाकलं, ही लिनक्सवर बनलेली मोफत ऑपरेटिंग सिस्टिम आहे. 8 जीबी रॅममध्ये मस्त पळतं, अपडेट मध्येच बसवून रीस्टार्ट करत नाही, लिबरऑफिसमध्ये (एमएस ऑफिससारखं मोफत सॉफ्टवेअर) बाहेरून आलेल्या फाइलचं टेबल कधीतरी सरकतं, बाकी तक्रार नाही.

तक्रार स्कॅनरची. ऑल-इन-वन मशीन आहे, प्रिंट पहिल्याच मिनिटाला आली, स्कॅनर मात्र यूएसबीवर दिसेचना. कंपनीचा लिनक्स ड्रायव्हरच नाही, सपोर्टला तीनदा मेल केला, तिन्ही वेळा उत्तर एकच, विंडोज वापरा. मग वाइनमध्ये, म्हणजे लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, त्यांचा स्कॅनचा प्रोग्रॅम बसवला, तो उघडला, सगळी बटणं दिसली, मला एवढा आनंद झाला, आणि मग म्हणतो स्कॅनर सापडला नाही. दोन रात्री घालवल्यावर समजलं की वाइन विंडोजचे प्रोग्रॅम चालवतं, पण कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात, बसणारे हार्डवेअरचे ड्रायव्हर त्याच्या आवाक्यात नाहीत.

इथपर्यंत मागच्या महिन्यात लिहिलेलं, तेव्हा दोन स्टार दिले होते. आता बदलतोय, कारण यूएसबी काढून मशीन वायफायवर घेतलं आणि मिंटच्या डॉक्युमेंट स्कॅनरमध्ये ते आपोआप आलं! मशीनमध्ये ईएससीएल नावाची सोय आधीपासूनच होती, ड्रायव्हर न टाकता नेटवर्कवरून स्कॅन करायची, आणि लिनक्सला ती येते. सहा महिने हे मला कोणी सांगितलं नाही.

पण वायफायवर 300 डीपीआयच (एका इंचात किती ठिपके, म्हणजे स्कॅनची बारकाई) मिळतात. विंडोजवर हेच मशीन 1200 द्यायचं. काच तीच, सेन्सर तोच. कागदपत्रांना 300 पुरतात, पण मला घरातले जुने छोटे फोटो मोठे करून छापायचेत, त्याला नाही पुरत. कंपनीवाल्यांनो, हवं तर ड्रायव्हर नका देऊ, पण यूएसबीवरून मशीनशी कसं बोलायचं तेवढी माहिती तरी उघड करा, सेन (SANE) या लिनक्सवर स्कॅनर चालवणाऱ्या मुक्त प्रोजेक्टमधले लोक आपल्या वेळात ड्रायव्हर लिहितात. आणि ड्रायव्हर विकत दिलात तरी मी पैसे मोजून घेईन, खरंच.

कोणी मिंट टाकणार असेल तर आधी पेनड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता, चालवा आणि त्यातच एक कागद खरोखर स्कॅन करून बघा, मी फक्त वायफाय आणि आवाज तपासला होता. फोटोंचा डबा अजून तसाच आहे, चौथा मेल काल पाठवलाय.