होडीवरचा हातातला वायरलेस: आयकॉम एम-२५ आणि वॅटचा घोळ

रत्नागिरीच्या मिरकरवाड्यापासून मालवणच्या दांडीपर्यंत कुणीही वायरलेस घ्यायला निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "किती वॅटचा?" दुकानदारही मग खुशीत आकडे फेकतो. खरं तर आकाशवाणीसारखा दूरवर पोचणारा हा सेट नव्हे. मरीन व्हीएचएफच्या, म्हणजे होड्या-जहाजांच्या बोलण्यासाठी राखलेल्या रेडिओ लहरी साधारण सरळ रेषेत जातात आणि समुद्राच्या गोलाईआड अडतात. हिशेब सोपा आहे. पाण्यापासून अँटेनाची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, ४.१२ ने गुणा. दोन्ही टोकांची अशी बेरीज केली की किलोमीटर मिळतात. दोन होड्यांत दोघं बसून बोलले, अँटेना मीटरभर उंचीवर, तर जेमतेम ८ किलोमीटर. दोघं उभे राहिले, अँटेना २ मीटरवर, की साडेअकरा. समोरची अँटेना किनाऱ्यावरच्या सड्यावर, समुद्रापासून ५० मीटर उंच असेल तर पस्तीसच्या आसपास. ५ ऐवजी ६ वॅटचा सेट घेतल्याने मात्र सिग्नलची ताकद एक डेसिबलसुद्धा वाढत नाही. कानाला फरक कळणारच नाही. जादा पैसे त्या एका वॅटसाठी मोजू नका.

आयकॉम कंपनीचा हातातला एम-२५ हा ५ वॅटचाच, वजनाला सुमारे २२० ग्रॅम. आऊटबोर्ड इंजिनाच्या फायबर होडीला याची खरी सोय म्हणजे तो पाण्यावर तरंगतो आणि पाण्याचा स्पर्श होताच लुकलुकू लागतो, सेट बंद असला तरी. पहाटेच्या काळोखात जाळं ओढताना हातातून निसटला तर सापडण्याची आशा राहते. फक्त त्याला जड हातमाईक लावू नका. तरंगण्याचं गणित सुट्या सेटचं असतं. स्पीकरच्या जाळीत पाणी भरून आवाज बोबडा झाला तर ते थरथरवून बाहेर काढायची सोयही दिली आहे.

पाणी आत न शिरण्याचा याचा दर्जा आयपीएक्स-७, म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं. पण ही चाचणी गोड्या पाण्यात होते आणि आपला संसार खाऱ्यात. इथेच या सेटची दुखरी जागा आहे: चार्जिंग मायक्रो-यूएसबीने, त्यावर रबरी झाकण. झाकण नीट बसलं नाही, किंवा ओल्या खाचेतच केबल खुपसली, की पिना हिरव्या पडल्याच समजा. बंदरावर आल्यावर झाकण घट्ट दाबून सेट गोड्या पाण्याने हलकेच धुवायचा, पाइपाचा जोराचा फवारा नको. मग पुसून, सावलीत पूर्ण सुकवून चार्जिंगला लावायचा. उलट बाजूने पाहिलं तर याच यूएसबीमुळे पॉवर बँकेवर किंवा १२ व्होल्टच्या बॅटरीला लावलेल्या गाडीच्या चार्जरवरही तो भरतो. चार्जिंगचं स्टँड लागणाऱ्या सेटला ते स्टँड सोबत न्यावं लागतं.

बॅटरी ११ तास चालते असं कंपनी सांगते. तो आकडा ५ टक्के बोलणं, ५ टक्के ऐकणं आणि ९० टक्के नुसता चालू, अशा वापराचा आहे. मासळीचा भाव विचारत दिवसभर गप्पा चालल्या तर तो अर्ध्यावर येईल. जवळच्या होडीशी १ वॅटवर बोला. पाठवताना बॅटरी सर्वांत जास्त खाल्ली जाते. पावसाळी मासेमारी बंदीच्या काळात सेट पेटीत ठेवताना बॅटरी निम्मी भरलेली असू द्या, पूर्ण भरलेली किंवा ठार रिकामी नको.

वापरातल्या चुका बहुतेक एकाच जागी होतात, स्क्वेल्चच्या, म्हणजे रिकामी खरखर दाबण्याच्या बटणावर. खरखर नको म्हणून स्क्वेल्च वर चढवून ठेवतात आणि मग लांबच्या होडीचा बारीक आवाजही त्यात कापला जातो. खरखर सुरू होईपर्यंत खाली आणा, ती थांबेल इतकाच पुन्हा वर न्या. बोलायचं बटण दाबल्यावर अर्धा सेकंद थांबा, नाहीतर पहिला शब्द, म्हणजे नेमकं होडीचं नाव, खाल्लं जातं. माईक तोंडापासून अर्ध्या वितीवर, अँटेना उभी. खिशात दाबलेल्या बटणाची तर तऱ्हाच न्यारी: एकाने नकळत चॅनल १६ अडवला की आसपासच्या सगळ्यांचं संकटाचं चॅनल बंद.

१६ म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झ, हाक आणि संकट यांसाठीच. तिथे एकमेकांना गाठा आणि गप्पांना ७२ किंवा ७७ वर जा. ७० वर तोंडी बोलायचं नाही, ते डिजिटल हाकेचं, म्हणजे बटण दाबून आपोआप जाणाऱ्या संदेशाचं. सेट आंतरराष्ट्रीय चॅनलवर आहे ना, तेही एकदा बघा. अमेरिकी मांडणीत काही चॅनलांच्या फ्रिक्वेन्सी वेगळ्या असतात. एम-२५ मध्ये जीपीएस नाही, लाल बटणाची डिजिटल हाकही नाही. खोल समुद्रात जाणाऱ्या तांडेलाने, म्हणजे होडीच्या म्होरक्याने, स्टँडर्ड होरायझनच्या एचएक्स-८९० सारखा दोन्ही असलेला सेट बघावा, आणि तोही डोळकाठीवरच्या अँटेनाच्या मोठ्या सेटला जोड म्हणून.

ऑनलाइन मिळणारे स्वस्त वॉकीटॉकी "२५ किलोमीटर" म्हणून विकले जातात. भारतात परवान्याशिवाय चालतात ते ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झवरचे कमी शक्तीचे सेट. किनाऱ्यावर रापण, म्हणजे काठावरून ओढायचं मोठं जाळं, ओढताना ते ठीक, पण मरीन व्हीएचएफवर ते ऐकू जात नाहीत आणि तटरक्षक दलही त्यावर नसतं. मरीन सेटला परवाना लागतो; विक्रेत्याकडून बिल आणि उपकरणाच्या मान्यतेचा कागद मागून घ्या. मोबाइलला रेंज असेल तिथे तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक चालतो. तो होडीच्या आतल्या फळीवर, चॅनल १६ च्या शेजारी, रंगाने लिहून ठेवा. कागद खाऱ्या वाऱ्यात टिकत नाही.