नॅपकिन उघडला, चादर कोसळली: सी मध्ये बदलत्या आकाराचा ॲरे कुठे घ्यावा?

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका यंत्रमाग कारखान्यासाठी मी जकार्डची (नक्षी विणणाऱ्या मागाची) डिझाइनं वाचणारा सी प्रोग्रॅम लिहिला. डिझाइनच्या एका घरात एक रंगक्रमांक, म्हणजे ४ बाइटचा इंट. ३०० बाय ४०० चा नॅपकिन झटक्यात उघडला. २००० ओळी आणि १२०० रकान्यांची चादर उघडताच सेगमेंटेशन फॉल्ट, म्हणजे हद्दीबाहेरच्या मेमरीला हात लागला म्हणून प्रोग्रॅम बंद.

ही घरं ठेवणारा ॲरे मी फंक्शनमध्येच घेतला होता, आकार फाइलमधून वाचून. याला व्हीएलए (व्हेरिएबल लेंग्थ ॲरे) म्हणतात. सी भाषेच्या सी९९ या प्रमाणापासून चालतं. लिहायला सोपं, फ्री करायची, म्हणजे जागा परत द्यायची, आठवण ठेवावी लागत नाही. पण जागा बहुधा स्टॅकवर, म्हणजे फंक्शनसाठी राखलेल्या मर्यादित मेमरीत, मिळते. चादरीला ९६ लाख बाइट लागतात आणि लिनक्सवर स्टॅकची नेहमीची मर्यादा ८ एमबी, म्हणजे सुमारे ८४ लाख. विंडोजवर तर १ एमबीच, आणि मायक्रोसॉफ्टचा कंपायलर व्हीएलए घेतही नाही. सगळ्यात वाईट म्हणजे जागा पुरली नाही हे तपासायला काही मार्गच नाही. सी११ या नंतरच्या प्रमाणाने व्हीएलए ऐच्छिक केलं, लिनक्स कर्नलमधून (लिनक्सच्या गाभ्यातून) २०१८ मध्ये ते काढून टाकलं.

दुसरा मार्ग मॅलॉक. तो हीपवरून, म्हणजे मागेल तेव्हा मिळणाऱ्या मोठ्या मेमरीतून, जागा देतो आणि नाही मिळाली तर नल (रिकामा पत्ता) परत करतो. तेव्हा नीट संदेश देऊन थांबता येतं. इथे एक सवय मात्र सोडा: प्रत्येक ओळीला वेगळा मॅलॉक. चादरीला २००० वेळा मागणी, २००० वेळा फ्री, शिवाय ओळी मेमरीत विखुरलेल्या. त्यापेक्षा एकच सलग तुकडा घ्या आणि 'ओळ गुणिले रुंदी अधिक रकाना' या हिशेबाने घर गाठा. गुणाकार साइझ_टी (आकार मोजायचा पूर्णांक प्रकार) मध्ये करा; मोठ्या आकारांना इंट अपुरा पडतो.

डिझाइन लांबवायचं असेल तर रीॲलॉक, तो घेतलेल्या जागेचा आकार बदलतो. त्याचं उत्तर आधी वेगळ्या पॉइंटरमध्ये (पत्ता ठेवणाऱ्या चलात) घ्या, नाहीतर अपयश आल्यावर जुन्या डिझाइनचा पत्ताही हरवतो. रुंदी बदलायची असेल तर रीॲलॉक एकटा पुरत नाही, ओळी नव्या रुंदीने मांडाव्या लागतात.

सी++ ची मुभा असेल तर मी सरळ व्हेक्टर घेईन. तो स्वतः वाढतो, स्वतः जागा सोडतो. मात्र व्हेक्टरचा व्हेक्टर केलात तर ओळी पुन्हा विखुरल्याच. फोरट्रान भाषावाल्यांना ॲलोकेटेबल (चालताना आकार ठरवता येणारा) ॲरे आहेच, त्यांनी दुसरं काही शोधू नये.

सी मध्येच राहायचं असेल तर माझं मत एका मॅलॉकला. व्हीएलए एका ओळीच्या तात्पुरत्या बफरपुरतं ठेवा, तेही रुंदीची कमाल मर्यादा आधी तपासून.