जुना फ्लॅट घ्यायचा, नीट करून विकायचा: तिघांच्या नावावर की एलएलपीच्या?

पुण्यात कोथरूड, सहकारनगर, बिबवेवाडी भागातल्या तीसेक वर्षं जुन्या इमारतीत फ्लॅट घ्यायचा, नीटनेटका करायचा आणि विकायचा, असं ठरवून दोघं-तिघं मित्र एकत्र येतात. भांडवल जमतं, फ्लॅटही सापडतो, मग गाडी एकाच प्रश्नावर अडते. खरेदी तिघांच्या संयुक्त नावानं करायची, की आधी एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी संस्था) काढून तिच्या नावानं? दोन्ही रस्ते वापरून माझा कल आता एलएलपीकडे आहे. सगळ्यांना तेच सोयीचं पडेल असं मात्र नाही.

आधी दोन्हीकडे सारखं असलेलं गणित. ७० लाखांचा टू बीएचके धरा. महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ४ लाख ९० हजार. नोंदणी फी ३० हजार. सोसायटीचा हस्तांतरण प्रीमियम जास्तीत जास्त २५ हजार. दलाली १ टक्का, ७० हजार. दुरुस्तीला ९ लाख: जीआय (लोखंडी) पाइप काढून सीपीव्हीसीचे (प्लॅस्टिकचे), नवीन वायरिंग, दोन्ही बाथरूम फोडून वॉटरप्रूफिंग, ओटा, फरशी, रंग. आठ महिन्यांचा मेंटेनन्स २४ हजार. बेरीज ८५ लाख ३९ हजार, विकतानाची दलाली धरली की ८६ लाखांच्या पुढे. खरेदीपेक्षा साधारण २३ टक्के वर भाव मिळेपर्यंत हातात काही उरत नाही. बिल्डरकडून नवा फ्लॅट घेऊन ३ वर्षांत विकणाऱ्या गुंतवणूकदाराचं मुद्रांक शुल्क पुढच्या खरेदीदाराच्या शुल्कात वळतं करता येतं, रीसेलला ती सोय नाही. आणि सोसायटीनं पुनर्विकासाचा ठराव केलाय का, हे विसार देण्याआधी विचारा. पाडायच्या इमारतीत ९ लाखांची फरशी घालून उपयोग नाही.

आता फरक. खरेदीदार सगळ्या स्त्रियाच असतील तर शुल्कात १ टक्का सवलत मिळते, इथे ७० हजारांची. एका पुरुषाचं नाव आलं की ती गेली. एलएलपीला तर ती नाहीच, आणि गृहकर्जही नाही. मिळालं तर व्यावसायिक कर्ज, चढ्या व्याजानं.

करात संयुक्त नावाचं पारडं वरवर जड दिसतं. २४ महिन्यांच्या आत विकलं तर नफा ज्याच्या-त्याच्या हिश्शानं उत्पन्नात मिळतो आणि स्लॅबनुसार कर लागतो. ज्याचं बाकीचं उत्पन्न कमी, त्याचा फायदा होतो. एलएलपीला पहिल्या रुपयापासून ३० टक्के, सेस धरून ३१.२. पण एलएलपीत रंगापासून दलालीपर्यंत सगळं धंद्याचा खर्च म्हणून वजा जातं. एलएलपीच्या करारात लिहिलं असेल तर भागीदारांच्या भांडवलावर १२ टक्क्यांपर्यंत व्याज आणि साइटवर उभं राहणाऱ्याचं मानधनही मर्यादेत वजा होतं. संयुक्त नावात विक्रीचा फायदा भांडवली नफा म्हणून दाखवलात तर रंग आणि किरकोळ दुरुस्ती ‘सुधारणा’ म्हणून मान्य होईलच असं नाही. शिवाय दोन-तीन फ्लॅट असेच फिरवलेत की कर अधिकारी त्याला व्यवसाय म्हणू शकतो, आणि तुम्हा तिघांना मिळून ‘व्यक्तींचा समूह’ही, म्हणजे करासाठी तिघं मिळून एकच. म्हणजे ज्या फायद्यासाठी संयुक्त नाव घेतलं तो पहिल्या फ्लॅटपुरताच धरून चाला.

माझा निर्णय मात्र करावरून झाला नाही. तो झाला सह्यांवरून.

संयुक्त नावात प्रत्येक कागदाला प्रत्येकाची सही लागते. विसार पावती, सोसायटीचे अर्ज, ना हरकतीचं पत्र, खरेदीदाराच्या बँकेचे कागद, करारनामा, ताबा पावती. यातला करारनामा सगळ्यात जड. दुय्यम निबंधक कार्यालयात टोकन लागतं तेव्हा तीन विक्रेते, खरेदीदार नवरा-बायको आणि दोन साक्षीदार अशी सात माणसं एकाच वेळी हजर हवीत. एकेकाचा कॅमेऱ्यासमोर फोटो, मग स्कॅनरवर अंगठा. वयस्क माणसाच्या बोटावरच्या रेषा पुसट असतात, तीन-चारदा पुसून दाबावं लागतं, मागे रांग खोळंबलेली. सातातला एक जरी अडकला तरी दिवस गेला. सगळ्यांची रजा पुन्हा जुळेपर्यंत आठवडा जातो, आणि तोवर खरेदीदाराच्या कर्जमंजुरीची मुदत पुढे सरकत असते.

यावर लोक पटकन सुचवतात की एका भागीदाराला कुलमुखत्यारपत्र देऊन टाका. इथेच खड्डा आहे. महाराष्ट्रात विक्रीचे अधिकार देणारं मुखत्यारपत्र आईवडील, भावंडं, नवरा-बायको, मुलगी अशा जवळच्या नात्यात दिलं तर नाममात्र शुल्क. मित्राला किंवा भागीदाराला दिलं तर खरेदीखताइतकं पूर्ण मुद्रांक शुल्क. सुटकेची वाट एक आहे: येऊ न शकणाऱ्यानं करारनाम्यावर स्वतः सही करून तो पाठवायचा आणि मुखत्यारपत्र फक्त कबुलीजबाब देण्यापुरतं, म्हणजे ‘ही सही त्याचीच’ एवढं निबंधकासमोर सांगण्यापुरतं करायचं. त्याला शुल्क किरकोळ, पण मसुद्यात विक्रीचे अधिकार देणारा एक शब्दही शिरता कामा नये, आणि ते निबंधकासमोरच साक्षांकित करून घ्यावं लागतं. म्हणजे एका फेरीऐवजी दुसरी फेरी.

टीडीएसचंही (रक्कम देतानाच कापायच्या कराचंही) तसंच. ५० लाखांवरच्या व्यवहारात खरेदीदार १ टक्का कापतो, पण फॉर्म प्रत्येक खरेदीदार-विक्रेता जोडीचा वेगळा. तीन विक्रेते, दोन खरेदीदार: सहा फॉर्म. एकात पॅन चुकला की त्या भागीदाराचा टीडीएस त्याच्या खात्यात दिसत नाही आणि दुरुस्तीसाठी खरेदीदाराच्या मागे लागावं लागतं. तो तर घर मिळाल्यावर फोन उचलायलाही फारसा उत्सुक नसतो. आणि भागीदाराचं बरंवाईट झालं तर वारसांची नावं लागेपर्यंत फ्लॅट जागचा हलत नाही.

एलएलपीत हे सगळं एका ठरावावर येतं. लेटरहेडवर ठराव, एक पदनिर्देशित (कागदोपत्री जबाबदार म्हणून नेमलेला) भागीदार, त्याचीच सही, त्याचाच अंगठा. सही एकाच्या हातात दिली म्हणून धास्ती वाटत असेल तर ती करारात बांधा: ठरावीक किमतीखाली विकायचं तर सगळ्यांची लेखी संमती, आणि बँक खात्यातून ठरावीक रकमेपुढे पैसे काढायला दोन सह्या.

मधेच एखाद्याला बाहेर पडायचं असेल तरी फरक दिसतो. संयुक्त नावात हक्कसोड करताना, नातं नसेल तर, त्याच्या हिश्श्यावर खरेदीखताचं शुल्क. ७० लाखांच्या एक तृतीयांशावर ७ टक्के म्हणजे १ लाख ६३ हजार. एलएलपीतून रोख घेऊन निवृत्त होणाऱ्याला एवढं लागत नाही. कोणी किती जादा पैसे घातले याची नोंदही एलएलपीच्या वहीत आपोआप राहते. बाथरूम फोडल्यावर खालच्या घरात पाणी उतरलं आणि एकानं ८० हजार भरले, तर संयुक्त नावात ते तोंडी राहतात आणि विक्रीचा चेक दस्तावरच्या हिश्शानंच फुटतो.

एलएलपीचा त्रासही खरा आहे. वर्षात एकही फ्लॅट विकला नाही तरी ३० मेपर्यंत फॉर्म ११ (वार्षिक विवरण) आणि ३० ऑक्टोबरपर्यंत फॉर्म ८ (हिशेब) भरावाच लागतो. उलाढाल ४० लाखांवर किंवा भांडवल २५ लाखांवर गेलं की ऑडिट, म्हणजे या धंद्यात जवळपास ठरलेलंच. काही सोसायट्यांच्या कमिट्या संस्थेचं नाव पाहून बिचकतात, छापील अर्जात ‘वय’ आणि ‘व्यवसाय’ हे रकाने कसे भरायचे इथपासून सुरुवात होते. कायद्यानं नोंदलेली संस्था सभासद होऊ शकते. १९६० च्या सहकारी संस्था अधिनियमाचं कलम २२, एलएलपीचा करार आणि ठराव अर्जाला जोडलात तर एका मासिक सभेपलीकडे सहसा लांबत नाही.

एका बाबतीत निवडीला जागाच नाही. भागीदार अनिवासी असेल, दुबईतला मित्र किंवा न्यू जर्सीतला भाऊ, तर स्थावर मालमत्तेची खरेदी-विक्री करणाऱ्या एलएलपीत त्याला पैसे घालता येत नाहीत. राहण्याचा फ्लॅट त्याला संयुक्त नावानं घेता येतो, पण विकताना त्याच्या हिश्श्यावरचा टीडीएस १ टक्क्यापेक्षा खूप जास्त असतो. कमी कपातीचं प्रमाणपत्र आधीच काढून ठेवा. तसंच भावाबरोबर एकच फ्लॅट करायचा असेल आणि दोघंही गावातच असाल, तर एलएलपीचा खटाटोप मी सुचवणार नाही.

एलएलपी ठरली तर ती विसाराच्या आधी उभी करा. फ्लॅट हातचा जाईल अशी वेळ आली, तर विसार पावतीत ‘खरेदीदार किंवा त्यांनी सुचवलेली व्यक्ती वा संस्था’ ही ओळ लिहून घ्या आणि करारनामा एलएलपीच्या नावानंच करा. आधी स्वतःच्या नावावर घेऊन मग फ्लॅट भांडवल म्हणून एलएलपीत आणलात, तर त्यावर खरेदीखताचंच मुद्रांक शुल्क पुन्हा भरावं लागतं, याच फ्लॅटला आणखी ४ लाख ९० हजार.