कूलिंग टॉवरच्या पाण्याची वार्षिक सेवा : वर्षभराचा अनुभव

भोसरीतील आमच्या प्लास्टिक मोल्डिंगच्या कारखान्यात कूलिंग टॉवरच्या पाण्याचा वार्षिक ठेका आम्ही गेल्या वर्षी बदलला. आधीचे ठेकेदार महिन्यातून एकदा येत, बेसिनमध्ये क्लोरीनचा कॅन रिता करत आणि पाणी स्वच्छ असल्याचा अहवाल देऊन जात. पाणी खरोखरच नितळ असे. मात्र साचे थंड व्हायला दिवसेंदिवस जास्त वेळ लागू लागला होता. अखेर परतीच्या लाइनचा एक फ्लँज (पाइपचा बोल्ट लावलेला जोड) उघडून आत बोट फिरवले, तर करडा, बुळबुळीत थर हाताला लागला, आणि तो खरवडताच खालून काळा डाग दिसला व सडक्या अंड्यांचा वास आला.

नव्या ठेकेदाराचे तंत्रज्ञ पाण्याइतकेच लक्ष पाइपच्या भिंतीकडे देतात, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. जिवाणू पाण्यात सुटे असतात तोवर क्लोरीनने मरतात. पण धातूला चिकटून त्यांनी स्वतःभोवती चिकट आवरण तयार केले, की क्लोरीन वरच्या थरातच खर्ची पडते आणि तळाशी, जिथे प्राणवायू पोहोचत नाही तिथे, सल्फेटवर जगणारे जिवाणू हायड्रोजन सल्फाइड सोडत पोलादाला खड्डे पाडतात. हा थर बहुतांशी पाण्याचाच असल्याने तो क्षाराच्या थरापेक्षाही उष्णता अधिक अडवतो, हे मला इतक्या वर्षांत कोणी सांगितले नव्हते. आमच्या पाण्याचा पीएच ८.५च्या आसपास राहतो आणि तिथे क्लोरीनचा जोर कमी पडतो, म्हणून त्यांनी क्लोरीनऐवजी ब्रोमीन सुरू केले, त्याआधी थर सुटा करणारे डिस्पर्संट दिले आणि मधूनमधून आयसोथायझोलोन या जिवाणूनाशकाची मात्रा ठेवली. धातू किती झिजला हे कळावे म्हणून लाइनमध्ये बसवलेली पोलादी पट्टी ९० दिवसांनी काढून तिचे वजन केले जाते, आणि डिप स्लाइडवर (पाण्यात बुडवून जिवाणू मोजायच्या पट्टीवर) मिलीलिटरमागे १०,००० जिवाणूंची मर्यादा पाळली जाते. फिल (टॉवरमधील, पाणी पसरवणारी जाळी) धुताना मास्कचा आग्रहही ते धरतात. तो योग्यच आहे. १९७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या हॉटेलातील साथीनंतर ओळखला गेलेला लेजिओनेला हा न्यूमोनियाचा जिवाणू अशाच कोमट पाण्यात वाढतो आणि तुषारांवाटे श्वासात जातो.

उणिवाही आहेत. पहिल्याच आठवड्यात सुटलेल्या थराने स्ट्रेनर (पाइपमधील गाळण्या) तुंबले आणि आमच्या दोन पाळ्या वाया गेल्या. याची पूर्वसूचना द्यायला हवी होती. काढून टाकलेल्या मशीनकडे जाणारा, पाणी साचून राहणारा पाइपचा तुकडा त्यांच्या नजरेतून सुटला, तो मीच दाखवला. अशा कोपऱ्यात औषध पोहोचतच नाही, आणि तिथूनच लागण पुन्हा सुरू होते. अहवालही बहुतेकदा उशिरा येतात.

खर्च जुन्या ठेक्याच्या जवळपास दुप्पट आहे. तरीही पुढील वर्षाचे काम यांनाच दिले आहे; फक्त स्ट्रेनरची सफाई आणि बंद तुकड्यांची पाहणी आता करारात लिहून घेतली आहे.